‘जेवण’ नावाची फाईल

घोडेगावच्या ज्या स्टुडिओत मी नऊ वर्षं ‘मिक्सिंग’ केलं, त्याच्या मालकांना अख्खा तालुका चाचा म्हणायचा. मिक्सिंग म्हणजे लग्नाच्या शूटिंगमधलं नको ते कापायचं, हवं ते ठेवायचं, वर गाणी टाकायची आणि नवरा-नवरीच्या भोवती लाल बदाम उडवायचे. बदाम माझ्याकडं होते, शूटिंग चाचांकडं. जुन्नरहून रोज सकाळच्या एसटीनं ते यायचे. अंगानं इतके किरकोळ, की खांद्यावरच्या कॅमेऱ्यानंच त्यांना धरून ठेवलंय असं वाटावं. नव्वदच्या सुमारास त्यांनी मोठी कॅसेट लागणारा पहिला कॅमेरा घेतला. तेव्हापासून जुन्नर-आंबेगावातल्या किती मांडवांत ते उभे राहिले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांचा एक नियम होता. सप्तपदी झाल्याशिवाय ते जेवत नसत.

आमच्याकडच्या लग्नात हा नियम पाळायचा म्हणजे निम्मा उपासच. शेवटचं ‘सावधान’ झालं, अक्षता पडल्या, की मांडव उठून पंगतीकडं पळतो. सप्तपदीला उरतात भटजी, नवरा-नवरी, दोघांच्या आया आणि एखादी पेंगुळलेली आत्या. बाकीचे शूटिंगवालेही पंगतीकडंच धावत, आणि त्यात त्यांची फारशी चूक नव्हती. पंगतीत ज्याचा चेहरा आला नाही तो पाहुणा पुढं पाच वर्षं रुसून बसतो. माझं स्वतःचं लग्न दुसऱ्याच एका शूटिंगवाल्यानं काढलं होतं. त्या कॅसेटमध्ये सप्तपदीचं एक पाऊल नाही. माझे थोरले दीर जिलेबी खातात, ते मात्र साडेतीन मिनिटं आहे.

चाचा मात्र मांडवातच थांबायचे आणि कॅमेऱ्यासकट गुडघ्यावर बसायचे. आधी दोघांचे चेहरे, मग हळूहळू कॅमेरा खाली, तांदळाच्या सात ढिगल्या, त्यांवर पडणारी पावलं, आणि सातवं पाऊल झालं की पुन्हा सावकाश वर चेहऱ्यांपर्यंत. मध्ये कुठंही बंद करायचा नाही. हे सगळं कापायला लागे मला, कारण गिऱ्हाइकाला पावलं नको असत, बदाम हवे असत. एकदा मी वैतागून म्हटलं, “चाचा, कुणी बघत नाही हो हे. कशाला उपाशी बसता?”

ते म्हणाले, “आमच्यात निकाह लागला की कागद व्हतो, ताई. साक्षीदार असत्यात, सह्या असत्यात. तुमच्यात सही कुठंय? ही सात पावलं हीच सही. सही व्हायच्या आधी मी उठून जिलेबी खायला जाऊ व्हय?”

मी मान डोलावली. आणि त्या दिवशीच्या लग्नातली सात पावलं नेहमीसारखी कापून टाकली. मिक्सिंग करणाऱ्या बाईला फार विचार करून चालत नाही.

तरी पुढं जे घडलं त्यासाठी आमच्या मशीनबद्दल थोडं सांगायलाच हवं. दोन हजार सालाच्या आगेमागे चाचांनी पहिला कॉम्प्युटर घेतला. त्यात एक कार्ड होतं. कॅसेट लावली की हे कार्ड चित्र आत ओढून घेई आणि त्याची फाईल बनवी. कॅसेट मग पुढच्या लग्नाला वापरायची. म्हणजे मूळ शूटिंग उरायचं ते फक्त त्या मशीनच्या पोटात. मशीनला एक खोड होती. एक फाईल ठरावीक आकाराची झाली, साधारण नऊ-दहा मिनिटांची, की ते आपलं आपण तोडून दुसरी फाईल सुरू करी. लग्नाचे असे पंधरा-वीस तुकडे पडत. माझ्या आधी तिथं असलेल्या ऑपरेटरनं त्यांना नावं द्यायची एक सोपी रीत लावली होती, ती मीही चालू ठेवली. फोल्डरला गावाचं नाव आणि मुहूर्त. आत ‘हळद १’, ‘हळद २’, ‘अक्षता १’ वगैरे. आणि अक्षता पडून मांडव हलल्यावर जेवढे तुकडे निघतील त्या सगळ्यांना एकच नाव: ‘जेवण’. जेवण १, जेवण २, जेवण ३. उघडून कोण बघतंय?

चार-पाच वर्षांनी नवा कॉम्प्युटर आला. जुन्या लग्नांच्या फाईली त्यावर घ्यायचं काम मी अंगावर घेतलं, आणि फार हुशारीनं केलं. कॉम्प्युटरच्या कोर्सचं सर्टिफिकेट तेव्हा स्टुडिओत फ्रेम करून लावलेलं होतं, त्याची ऐट होती. म्हटलं, जागा कशाला भरायची? ‘जेवण’ नावाच्या एकूण एक फाईली मी मागं ठेवल्या, बाकीच्या नव्या मशीनवर घेतल्या. मग जुनं मशीन चाचांनी शिनोलीच्या एका गुरुजींना देऊन टाकलं. गुरुजी नोकरीतून निवृत्त झाले होते आणि त्यांना कॉम्प्युटर शिकायचा होता. देण्याआधी ते पुसून कोरं करायचं असंही ठरलं होतं. ते मात्र मी आळसानं केलं नाही.

त्यानंतर वर्षभरानं, एका शुक्रवारी दुपारी, एक बाई स्टुडिओत आली. डिंभ्याच्या वरच्या अंगाला कुठंतरी तिचं माहेर. सकाळची एसटी आलीच नव्हती, म्हणून बरंच चालून मग जीपनं आली होती. पाणी दिलं तर आधी तोंड धुऊन मगच प्यायली. म्हणाली, “चाचा, माझ्या लग्नाची शूटिंग तुमीच केली व्हती. ती हाये का?”

“कॅसेट न्हाई का तुमच्याकडं?”

“कॅसेट सासरी. फोटूचं आल्बम बी सासरी.” आणि मग तिनं उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. नवऱ्यानं दुसरी आणली होती. हिनं कोर्टात दाद मागितली, तर तो म्हणत होता की हिच्याशी लग्न झालंच नाही. नुसती सुपारी फुटली होती, आणि ही आपण होऊन नांदायला आली. “अक्षता टाकायला पाचशे मान्सं व्हती, ताई. कोर्टात याला एक न्हाई. आन् वकीलबाई म्हनत्यात, अक्षतांनी भागत न्हाई, सात पावलं चालल्याचं दाखवा. सात पावलं कुनी बघितली? समदी जेवत व्हती. भटजी तर वारलं.”

मी विचारलं, “तुम्हाला परत जायचंय त्याच्याकडं?”

“त्याच्या दारात थुकायला बी न्हाई जायाची मी. पन माझी पोरगी पहिलीत हाये. तिच्या नावाम्होरं बापाचं नाव लिवलंय. उद्या तिला कुनी बिनलग्नाची म्हनलं, तर मी काय करू?”

तारीख सोमवारची होती.

मी मुहूर्त विचारला. तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, बारा पस्तीस. बायका स्वतःचा मुहूर्त विसरत नाहीत. गाव आणि मुहूर्त, दोन्ही जुळलं, फोल्डर मिनिटात सापडलं. मी मोठ्या रुबाबात ‘अक्षता १’वर क्लिक केलं. सनई ऐकू आली. चित्राच्या जागी हिरव्या पट्ट्या. दुसरी फाईल, तीच गत. आवाज आहे, लग्न नाही. त्या बाईनं पडद्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचांना कारण चटकन कळलं. जुन्या कार्डानं ज्या पद्धतीनं चित्र लिहिलं होतं ती नव्या मशीनला वाचताच येत नव्हती. फाईल घेताना मी एकदाही उघडून बघितली नव्हती. पुण्याच्या दुकानात फोन लावला, तर ते म्हणाले, ते कार्ड आता निघत नाही आणि नव्या मशीनमध्ये बसतही नाही. म्हणजे जुन्या मशीनमध्येच या फाईली उघडायच्या, तिथंच त्यांचं साधं, कुणालाही वाचता येईल असं रूप करायचं, आणि ते इकडं आणायचं. चाचांनी त्या बाईला सांगितलं, “सोमवारी सकाळी कोर्टात जायच्या आधी इकडून जा. मिळंल का न्हाई ते आत्ता सांगत न्हाई. पन मी ती पावलं काढली व्हती, येवढं मला ठावं हाय.”

शनिवारी आम्ही शिनोलीला गेलो. जाताना एक रिकामी हार्ड डिस्क पिशवीत घेतली. गुरुजींनी मशीन पुढच्या खोलीत, भरतकाम केलेल्या रुमालाखाली ठेवलं होतं. वर हळदीकुंकवाची बोटं होती, दसऱ्याची असावीत. वर्षभरात त्यांनी त्यावर फक्त दोन पत्रं लिहिली होती, तीही एकाच भाच्याला.

“आतल्या फाईली?” मी घाबरत विचारलं.

“मी कशालाच हात लावला न्हाई बाई. तुमचं काय काय व्हतं त्यात. उगं बिघडलं तर?”

त्या माणसाच्या भित्रेपणाला मी मनातल्या मनात दंडवत घातला. फोल्डर होतं. उघडलं तर सगळं लख्ख, रंगीत, मांडवाच्या निळ्या कापडासकट. मशीन उचलून घोडेगावला न्यावं म्हटलं, तर गुरुजींनी हात आडवा केला. जागचं जरा हललं की ते दोन-दोन दिवस सुरू होत नसे. चाचांनी झाकण काढून आत डोकावलं आणि म्हणाले, “कार्ड सैल झालंय. इथंच करू.” उघड्या डब्यातच त्यांनी आमची हार्ड डिस्क हलक्या हातानं जोडली.

आम्ही नेमकं काय करतोय हे गुरुजींना समजून घ्यायचं होतं. चाचांनी सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. “म्हंजे मोडीचं बाळबोध करायचं म्हणा की! लिहिलंय तेच, अक्षर तेवढं बदलायचं.” सर्टिफिकेट मिळवताना मला सहा महिन्यांत जे कुणी धड सांगितलं नव्हतं, ते गुरुजींनी एका वाक्यात सांगून टाकलं.

आधी सप्तपदी शोधली. ‘अक्षता ३’च्या शेवटाकडं ती सापडली. चेहरे दिसले. ती बाई तेव्हा कितीतरी भरलेली होती, कपाळावर मुंडावळ्या, बाजूला फेटा बांधलेला तो. कॅमेरा खाली आला. एक, दोन, तीन, चार. आणि फाईल संपली. मशीननं नेमकी तिथंच तोडली होती.

“पुढचा तुकडा?” चाचा म्हणाले.

पुढच्या तुकड्याचं नाव ‘जेवण १’. मी ज्या शेकडो फाईली फालतू म्हणून मागं ठेवल्या होत्या त्यातली ही एक. आळस केला नसता तर ही पुसलीच गेली असती, आणि मीच माझ्या हातानं पुसली असती. मी चाचांना तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, “नाव देताना उघडून बघायला पायजे व्हतं. पन मी तरी कुठं बघितलं?” आणि विषय संपवला. मला अजून वाटतं, दुसरा कुणी मालक असता तर त्यानं निदान गुरुजींसमोर माझा उद्धार केला असता.

मशीन म्हातारं होतं. नऊ मिनिटांच्या फाईलला दीड तास घेई. आणि त्या वर्षांत आमच्याकडं वीज असण्यापेक्षा नसण्याचंच वेळापत्रक जास्त पक्कं होतं. शिनोलीत शनिवारी सकाळी दहा ते दुपारी पावणेतीन एवढीच वीज. पहिली फाईल सव्वाबाराला झाली. मी खुश होऊन ती चालवली, आणि चाचांनी हात वर केला. “आवाज मागं पडतोय.”

मला काही जाणवलं नव्हतं. त्यांनी फाईल सुरुवातीला नेली, तिथं शेवटची मंगलाष्टका होती. “भटजीकडं बघू नको. लोकांच्या हाताकडं बघ. अक्षता सुटल्या की ‘सावधान’मधला ‘न’ कानावर आला पायजे. आधी न्हाई, मागनं न्हाई.” खरंच, हात आधी उडत होते आणि ‘सावधान’ मागाहून येत होतं. पाचशे माणसं एकाच क्षणी हात उडवतात. ताळा करायला याहून चांगली खूण कुठली मिळणार? पंधरा-सोळा वर्षं हा माणूस त्या अक्षतांवरून चित्र आणि आवाज जुळवत आला होता, आणि मी त्याच अक्षतांवर बदाम चिकटवत बसले होते.

चूक माझीच होती. आपल्याकडं सेकंदाला पंचवीस चित्रं असतात. सॉफ्टवेअरमध्ये तीसचा आकडा आधीच भरलेला होता आणि घाईत मी तो तसाच ठेवला. पुन्हा दीड तास. या वेळी ‘न’ आणि अक्षता एकत्र पडल्या. चाचांनी मान हलवली, तेव्हा दोन वाजले होते. ‘जेवण १’ लावली, पाऊण तास झाला, आणि पंखा थांबला. अर्धवट लिहिलेली फाईल कशालाच उपयोगाची नसते.

रविवारी पुन्हा गेलो. वीज येणार होती दहाला, आली साडेअकराला. किती वेळ टिकेल ते गुरुजींनाही सांगता येईना. मी म्हटलं, “चाचा, आपल्याला फक्त पहिलं मिनिट लागतंय. पाच, सहा, सात. तेवढंच कापून करू. पंधरा मिनिटांत होईल. आणि कालच्या चार पावलांना इथली तीन जोडते, कुणाला पत्ता लागणार नाही.”

चाचा सहसा चिडत नसत. त्या दिवशी चिडले. “जोडायचं न्हाई. जोडलं की खोटं दिसतं, खरं असलं तरी बी. तुकडा जसा पडला तसाच ठेवायचा. आन् ही आख्खी फाईल करायची, पयल्यापासनं शेवटापतूर. तिकडं समोर वकील बसलाय, आपलं गिऱ्हाईक न्हाई.”

मग आम्ही दीड तास, काम किती झालं ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडं बघत बसलो. गुरुजींच्या मंडळींनी भाकरी-पिठलं केलं होतं, ताटं वाढली होती. मी जेवले. चाचांनी हात जोडले आणि म्हणाले, “झालं की बसतो.” मला हसू आलं आणि मग आलं नाही. एक वाजून पाच मिनिटांनी पट्टी पूर्ण झाली. वीज त्यानंतरही तासभर होती, ते वेगळं.

सोमवारी सकाळी ती बाई पहिल्या गाडीनं आली. आम्ही नव्या मशीनवर दोन्ही फाईली लावल्या. आधी ‘अक्षता ३’, मग ‘जेवण १’. तिनं हे कधीच बघितलेलं नव्हतं. तिच्या कॅसेटमध्ये पावलं नव्हती. माझ्या आधीच्या ऑपरेटरनं ती कापली होती, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही कापलीच असती. ती पडद्याच्या इतकी जवळ बसली, की तिच्या श्वासानं काच धुरकट होत होती.

पाच. सहा. सात. कॅमेरा हळूहळू वर आला, दोघांचे चेहरे दिसले, आणि नवरदेव भटजींकडं वळून मोठ्यानं म्हणाला, “झाली न्हवं सात? मंग आता जेवू द्या की राव, पोटात कावळं वरडाय लागल्यात!”

आम्हा दोघांनाही हे नवंच होतं. शनिवारी, रविवारी, दोन्ही दिवस आमचं सगळं लक्ष पट्टीकडं आणि विजेकडं. एवढा भाग आवाजासकट कुणी ऐकलाच नव्हता. त्यानं स्वतःच्या तोंडानं सात पावलं मोजली होती.

ती बाई आधी हसली. “तवापासनंच खादाड,” म्हणाली. आणि मग पदर तोंडाला लावून जी रडायला लागली, ती थांबेना. मीही रडले. चाचा बाहेर जाऊन उभे राहिले. ती सावरली तेव्हा मी फाईल बंद करायला गेले, तर तिनं माझा हात धरला. “असू द्या. समदं बघते.” म्हणून उरलेली आठ मिनिटं ती बघत बसली. त्यात काही नव्हतं. कॅमेरा मांडवातून पंगतीकडं जातो, उठलेल्या पत्रावळी, आमटीची रिकामी भगुणी पालथी घालून बायका घासायला बसलेल्या, एक कुत्रं, आणि कुणीतरी चाचांना ओरडून सांगतंय, “भाऊ, उशीर केला तुमी, समदं संपलं की वो!”

कोर्टात चाचांना साक्षीला उभं केलं. मी नव्हते, मागाहून त्या बाईनंच सांगितलं. समोरच्या वकिलानं विचारलं, तुम्ही मुसलमान, तुम्हाला सप्तपदी कशी कळते? पावलं सातच होती हे कशावरून? चाचा म्हणाले, “साहेब, सात झाल्याशिवाय मी ताटावर बसत न्हाई. पंधरा-सोळा वर्षं उपाशी पोटानं मोजतोय. चुकंल कसं?” त्यानंतर फाईल लावली. नवरदेवाचा आवाज भरल्या कोर्टात घुमला, आणि तो स्वतः खाली मान घालून चपलेचा अंगठा बघत बसला.

निकाल तिच्या बाजूनं लागायला पुढं बऱ्याच तारखा गेल्या. पण लग्न झालं नाही, असं पुन्हा कुणी म्हटलं नाही. मुलीचं नाव शाळेत होतं तसंच राहिलं.

मी त्या काळात एक काम केलं. वेळ मिळेल तशी शिनोलीला जात राहिले आणि ‘जेवण’ नावाच्या सगळ्या फाईली एकेक करून बाळबोध केल्या. उघडून, शेवटापर्यंत बघून. त्यातल्या किती फाईलींत सात पावलांचं शेपूट होतं ते सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. आणि जवळजवळ प्रत्येक फाईलच्या शेवटी तेच: पालथी भगुणी, रिकामा मांडव, आणि कॅमेऱ्यामागं एक माणूस, जो कधीच दिसत नाही.

निकालानंतर आठवड्याभरानं ती बाई आली. या वेळी मुलगी बरोबर होती, नव्या फ्रॉकमध्ये. बाईच्या हातात चार पुडाचा डबा होता. तिनं काउंटरवरच्या माझ्या सीड्या बाजूला सारल्या, स्टीलचं ताट मांडलं आणि वाढायला लागली. भात, आमटी, वांग्या-बटाट्याची भाजी, वर बुंदी. चाचा म्हणाले, “अगं, हे काय? मी घरून जेवून आलोय.”

“घरचं वेगळं,” ती म्हणाली. “हे माझ्या लग्नातलं हाये. त्या दिवशी तुमी जेवला न्हाई, मी फिल्ममदी बघितलं. बसा.”

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मग हात धुऊन आले, आणि बसले.